आईच्या विड्यांचे पैसे आणि संधिवाताचा शोध

सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा गाभा एवढा:

"माझ्या आईने सदतीस वर्षं विड्या वळल्या. पंचेचाळिशीनंतर तिची बोटं सुजायला लागली, मग वाकडी झाली. डॉक्टरांनी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस सांगितलं; आम्ही घरी 'वात'च म्हणत राहिलो. दर सोमवारी घ्यायची एक गोळी सुरू झाल्यावर ती पुष्कळ सावरली, पण तोवर बोटं गेली होती. वडील आधीच वारले. गेल्या आषाढात आईही गेली. तिच्या खात्यात आणि ठेवीत मिळून ३ लाख १० हजार रुपये आहेत, नॉमिनी मी आहे. आई नेहमी म्हणायची, 'ह्या दुखण्यावर कुणी नीट औषध काढंना का.' म्हणून हे पैसे मला संधिवाताच्या संशोधनाला द्यायचे आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, वर्षश्राद्धाला समाजाच्या हॉलमध्ये थंड पाण्याचं मशीन बसवू, आईचं नाव राहील. संशोधनाला दिलेला पैसा कुठे जातो ते कुणाला दिसतं? अशात ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. त्यांचं संधिवात संशोधन केंद्र आहे म्हणे. ५१ हजार दिले तर आजीव सभासदत्व, आणि माझ्यासाठी औषध कायमचं फुकट. कारण हल्ली सकाळी माझीही बोटं आखडलेली असतात. भाकरी थापायला घेतली की पहिल्या दोन फाटतात. मी काय करू?"

बाई,

(शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा बाईच म्हणते.)

पत्राला टाचणी लावून तुम्ही आईचा फोटो पाठवलात. उंबऱ्याशी बसलेली आई, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. चेहरा हसरा आहे. मी मात्र बराच वेळ बोटांकडे बघत होते. चारही बोटं करंगळीच्या अंगाला झुकलेली, वाऱ्याने एका बाजूला लोळवलेल्या ज्वारीसारखी. आणि त्याच बोटांनी ती विडीचं तोंड मुडपते आहे. मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक होते. औषधाला पैसे नसलेल्यांसाठी दात्यांची दारं वाजवायची, हेच काम. त्यामुळे असे हातही पुष्कळ पाहिले आणि दातेही.

सुरुवात पैशाच्या मालकीपासून करते, ती तुम्हाला आवडणार नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे तुमच्या हातात देईल, पण तुम्ही ते वारसांच्या वतीने घेता. आईने मृत्युपत्र केलेलं नसेल आणि तुम्ही दोघंच भावंडं असाल, तर निम्मे भावाचे. म्हणजे १ लाख ५५ हजारांचा विचार तुम्ही करा, बाकीच्याचा त्याला करू द्या. त्याला पाण्याचं मशीन बसवायचं आहे ना, बसवू दे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जाणाऱ्या गावात थंड पाण्याला कुणी नावं ठेवू नयेत. आईच्या नावाने दोन कामं झाली तर बिघडलं काय? संशोधन मोठं की पाणी मोठं, हा वाद वर्षश्राद्धाच्या पंगतीत नेऊ नका. तुमच्या पत्राची दीड पानं त्या वादात गेली आहेत.

आता तुमची बोटं. खरं तर हेच आधी लिहायला हवं होतं.

सकाळचं आखडणं किती वेळ टिकतं, ते घड्याळ लावून आठ दिवस लिहून काढा. पाऊण तास, तास जात असेल, दोन्ही हातांच्या मुठीचे आणि मधल्या पेरांचे सांधे सुजत असतील, सूज दाबल्यावर मऊ लागत असेल आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आईचाच आजार तुम्हाला नाही ना, हे बघायला हवं. नखांजवळच्या पेरांना कडक गाठी आल्या असतील, आखडणं दहा-पंधरा मिनिटांत सुटत असेल आणि काम केल्यावर दुखणं वाढत असेल, तर बहुधा वयाची झीज. दोन्हींना आपण 'संधिवात'च म्हणतो, पण जात वेगळी आणि औषधंही वेगळी. आईला रुमॅटॉइड असेल तर मुलांची जोखीम इतरांपेक्षा जास्त असते. होईलच असं नाही. सिव्हिलमध्ये मेडिसिनच्या ओपीडीत केसपेपर काढा, आईचा आजार सांगा. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी अशा रक्ताच्या तपासण्या सांगतील. नुसत्या आरए फॅक्टरवर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. तो निरोग्यांतही सापडतो आणि रोग्यांत नसूही शकतो. आजार निघालाच तर पहिल्या काही महिन्यांत सुरू केलेला उपचार सांधे वाचवतो. तुमच्या आईला ते महिने मिळाले नाहीत. या तपासण्यांचे पैसे १ लाख ५५ हजारांतून आधी बाजूला काढा. हे आईच्या इच्छेविरुद्ध आहे असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही.

मग ते ५१ हजारवाले गृहस्थ. आकडा बघा, अहेराच्या पाकिटातला आहे. संशोधनाचा खर्च असा एक्कावन्नावर संपत नसतो.

खरं संशोधन करणाऱ्याला रुग्णाकडून संमती हवी असते आणि माहिती हवी असते. पैसे नव्हे. संशोधनासाठी म्हणून जो खर्च होतो तो भाग घेणाऱ्यावर टाकायचा नाही, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीत लिहिलेलं आहे. औषधाची चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीने. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येते. तुमच्या भाच्याला सांगितलंत तर पाच मिनिटांत शोधून देईल. भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातं का ते बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. चाचणीतल्या औषधाने इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, हे २०१९ च्या नियमांत आहे. तेव्हा गृहस्थ परत आले की चहा द्या आणि विचारा: सीटीआरआयचा नंबर काय? एथिक्स कमिटी कोणती? ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मिळतील का? 'आमचं आयुर्वेदिक आहे, आम्हाला ते लागत नाही' असं उत्तर आलं, तर आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्याही त्याच नोंदवहीत असतात एवढं सांगा आणि चहाचा कप उचला.

आणि ती फुकटची पुडी घेऊ नका. आमच्या वॉर्डात बायका यायच्या, चेहरा टम्म फुगलेला, साखर वाढलेली, मणक्याचं हाड पिचलेलं. पिशवी उलटी केली की बिनलेबलची पुडी निघायची. 'बाई, पहिल्या चार दिवसांत पळायला लागले होते हो,' असं सांगायच्या. असल्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं निघतं आणि ती चार दिवसांची जादू खरीच असते. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांत ती उठून चालायला लागली. १९५० मध्ये नोबेल मिळालं. त्या जादूची किंमत पुढच्या वर्षांत कळत गेली: ठिसूळ हाडं, वाढलेली साखर, फुगलेला चेहरा. डॉक्टर आजही स्टिरॉइड देतात, पण मोजून, आणि काय देतोय ते चिठ्ठीवर लिहून. तुम्ही ती पुडी आधीच सुरू केली असेल (पत्रात तसं नाही, पण मला शंका आली), तर एका दिवसात बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंद करून बसलेलं असतं. पुडी घेऊन सिव्हिलला जा आणि डॉक्टरांना दाखवा.

उपचाराचं पाकीट आणि दानाचं पाकीट एकाच पिशवीत ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. 'पैसे देते, मला औषध दे' हा सौदा झाला, आणि दुखणाऱ्या माणसाला सौद्यात कुणीही फसवतं.

भावाचा प्रश्न मात्र खोटा नाही. पैसा कुठे जातो ते कुणाला दिसतं? त्यालाही हे वाचून दाखवा.

१८८४ मध्ये इंग्लंडातल्या लीड्सच्या बाजारात मायकेल मार्क्स नावाच्या ज्यू फेरीवाल्याने एक स्टॉल मांडला. पाटी होती: भाव विचारू नका, सगळं एक पेनीला. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत 'हर एक माल'वाले बसतात, तसंच. त्या स्टॉलचं पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं. मार्क्सची मुलगी मटिल्डा आणि जावई टेरेन्स केनेडी यांच्या धर्मादाय निधीतून १९६५ मध्ये लंडनला केनेडी इन्स्टिट्यूट निघाली, केवळ संधिवाताच्या संशोधनासाठी. तिला पुढे हात दिला तो १९३६ पासून संधिवाताच्या संशोधनासाठी पैसे गोळा करणाऱ्या दुसऱ्या एका धर्मादाय संस्थेने. ती २०१८ पासून व्हर्सस आर्थ्रायटिस या नावाने ओळखली गेली. तिच्याकडे येणाऱ्या पैशांत लोकांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेल्या रकमांचा मोठा वाटा असतो. म्हणजे कुणाच्या तरी आईच्या ठेवीच.

या इन्स्टिट्यूटमध्ये लुधियान्यात जन्मलेले, युगांडात वाढलेले रवींदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी एक प्रश्न धरून ठेवला. सुजलेल्या सांध्यात टीएनएफ नावाचं प्रथिन सूज वाढवणाऱ्या इतर सगळ्या प्रथिनांना चिथावतं. त्या एकालाच अडवलं तर? १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात सुरुवातीच्या २० रुग्णांवर तो प्रयोग झाला. जिना न चढणारी माणसं चढायला लागली. मग मोठ्या चाचण्या झाल्या आणि १९९९ मध्ये टीएनएफला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध रुमॅटॉइडसाठी मंजूर झालं. पेटंटची रॉयल्टी त्या धर्मादाय ट्रस्टकडे आली आणि परत संशोधनातच गेली. १९६५ ते १९९९, चौतीस वर्षं. तुमच्या आईने विड्या वळल्या त्यापेक्षा तीन कमी. पाण्याच्या मशीनची तोटी त्याच दिवशी वाहते. इथे तसं होत नाही, आणि होईल असं जो सांगतो त्याच्यापासून लांब राहायचं.

मोठ्या देशांतल्या श्रीमंतांच्या गोष्टी, असं भाऊ म्हणेल. मग आईच्या सोमवारच्या गोळीची गोष्ट सांगा. ती मेथोट्रेक्सेट असणार. (आठवड्यातून एकदाच घेतात, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून देतात.) हे औषध ज्या संशोधनातून निघालं ते अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली झालं. भीमवरमला १८९५ मध्ये जन्मलेला तेलुगू माणूस. तुमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. सुब्बारावांसमोर सांधे नव्हतेच, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर मारा करायचा होता. ते १९४८ मध्ये गेले. संधिवातासाठी त्या औषधाला अमेरिकेत रीतसर मंजुरी मिळाली ती १९८८ मध्ये. भीमवरमच्या माणसाने दुसऱ्याच रोगासाठी घेतलेला शोध फिरत-फिरत सोलापुरात, पूर्व भागातल्या एका घरात, सोमवारच्या रकान्यात येऊन बसला.

मग १ लाख ५५ हजारांत काय होणार? नवं औषध होणार नाही, हे तुम्ही मनाशी मान्य करा. तेवढ्यात महागड्या यंत्राचा एक भागही येत नाही. पण संशोधन म्हणजे नवं औषध एवढंच नाही. कुणाला काय होतंय हे मोजणं हेही संशोधनच, आणि ते फारसं खर्चिक नाही.

पुण्याला जाताना भिगवण लागतं. आपण तिथे मासे खातो, उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो बघतो आणि पुढे जातो. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रांनी त्या गावात घरोघर सर्वेक्षण सुरू केलं. लोकांतली सांधेदुखी मोजणाऱ्या कॉपकॉर्ड नावाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा तो भाग होता. प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते प्रश्नावली घेऊन दारोदार जायचे, ज्यांना दुखणं आहे त्यांनाच डॉक्टर तपासायचे, आणि रक्त-एक्सरे ज्यांना गरज त्यांचेच. ४०९२ प्रौढांत ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरा जणांना, हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. रुमॅटॉइड दोनशेत एकाला. एवढ्या साध्या मोजणीआधी आपल्या खेड्यांतल्या सांधेदुखीबद्दल डॉक्टरही अंदाजच बांधत होते.

आपला जिल्हाही या शास्त्राच्या पुस्तकांत आहे, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. तिची पाहणी झाली, ती छापली गेली, आणि जगातले चिकुनगुन्याचे अभ्यासक आजही बार्शीचं नाव घेतात. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं हा आजार भारतात जवळपास दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परत उसळला. ताप आठवड्यात गेला, सांधे काहींचे वर्षानुवर्षं दुखत राहिले. तुमच्या गल्लीतही 'त्या तापापासून' म्हणणारी एखादी मावशी असेल.

तुमच्या पैशांसाठी माझ्या मनात एक प्रश्न आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रुमॅटॉइडची जोखीम जास्त, हे पक्कं ठरलेलं आहे. काही आनुवंशिक ठेवणींच्या माणसांत तंबाखूचा धूर हा आजार कसा सुरू करतो, हे स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. पण जी बाई विडी ओढत नाही, नुसती वळते? रोज हजार विड्यांच्या हिशेबाने, मांडी घालून, मान खाली, तीच तीन बोटं, वर तंबाखूची धूळ? तिच्या बोटांचं दुखणं झिजेचं किती, रुमॅटॉइडचं किती आणि निव्वळ कामाच्या ताणाचं किती? हा प्रश्न लंडनला विचारून उपयोग नाही. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत २००६ पासून उभी आहे. भिगवणच्या पद्धतीचं सर्वेक्षण करायला यापेक्षा योग्य जागा मला तरी सुचत नाही. शिवाय त्याला लागतात त्या वस्तू तुमच्या पैशांत बसतात: मराठी-तेलुगू-कन्नड प्रश्नावलीची छपाई, तेलुगू बोलणाऱ्या चार-सहा मुलींचं काही महिन्यांचं मानधन, रिक्षाभाडं, आणि डॉक्टरांना शंका येईल तेवढ्यांच्याच अँटी-सीसीपी तपासण्या.

हे तुम्ही स्वतः करायचं नाही. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना एक पानाचं पत्र लिहा. प्रती मेडिसिन विभागाला आणि जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे पीएसएम विभागाला. एमडी करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय लागतोच; विषय, वसाहत आणि थोडे पैसे एकत्र आले तर एखादा गाईड सहसा ऐकून तरी घेतो. विद्यार्थ्याने प्रस्ताव करायचा, एथिक्स कमिटीने मंजूर करायचा, मग पैसे. उत्तर यायला दोन महिने लागतील. आलंच नाही तर स्वतः जाऊन बसा. सरकारी कार्यालयात निवृत्त शिक्षिकेला खुर्ची मिळते, समोरचा माणूस तुमचा विद्यार्थी निघण्याची शक्यता तर सोलापुरात फारच. तिथे जमलंच नाही, तर पुण्या-मुंबईत संधिवातावर काम करणारे नोंदणीकृत ट्रस्ट आहेत. त्यांना हाच प्रश्न, हीच वसाहत सुचवा. देणगी 'संधिवात संशोधनासाठी' अशी हेतू लिहून द्या आणि पावतीवरही तसंच लिहून घ्या. सगळे पैसे एकदम देऊ नका. निम्मे मंजुरीनंतर, निम्मे पहिल्या टप्प्याचा हिशेब बघून. चेकने किंवा ऑनलाइनच द्या. देणगीवरची आयकर सवलत २ हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर मुळीच मिळत नाही, तेव्हा तिच्यासाठी अडून बसू नका.

एका गोष्टीवर मला जरा जास्तच बोलायचं आहे. लोकांना यंत्र द्यायला आवडतं, पगार द्यायला आवडत नाही. मी नोकरीत असताना एका ठिकाणी एका दात्याने हाडांची घनता मोजायचं यंत्र दिलं. पितळी पाटी, फीत, पेढे, सगळं झालं. यंत्र चालवायला माणूस नव्हता आणि माणसाच्या पगाराला दाता नव्हता. दोन वर्षांनी मी ती खोली उघडली तेव्हा उद्घाटनाचा झेंडूचा हार प्लास्टिकच्या खोळीवर तसाच होता, वाळून काळा पडलेला. फुलं झटकली तर बियाच निघाल्या. तेव्हा भावाने विचारलं, 'म्हणजे आईचे पैसे पोरींच्या मानधनात जाणार?' तर हो म्हणा. दारोदार फिरून पेन चालवणारी पोरगी, हेच ते संशोधन. आईच्या नावाने पुरस्कारही ठेवू नका. दीड लाखाच्या व्याजात शाल येते, नारळ येतो, फार तर हॉलचं भाडं निघतं.

आणि निकाल काय येईल ते तुमच्या हातात नाही, हेही आधीच लिहून देते. कदाचित निघेल की वळणाऱ्या बायकांत रुमॅटॉइड इतरांएवढंच आहे, जास्त नाही. तुम्हाला वाटेल पैसे फुकट गेले. तसं नाही, मग त्या बायकांना दुसऱ्या उपायाची गरज आहे एवढं तरी कळेल. मध्येच फोन करून 'काही निघालं का' विचारू नका, रुग्णांची नावं मागू नका. शेवटी निबंध छापला जावा, बरा निकाल असो वा वाईट, आणि त्याचा सारांश तेलुगूतून वसाहतीत वाचून दाखवावा, एवढीच अट घाला. आईचं नाव कुठे येईल? निबंधाच्या शेवटी आभाराची एक ओळ असते. बारीक टाइपात. पाण्याच्या मशीनवर ते मोठं असेल, दोन्हींकडे राहील.

फोटो याच पाकिटात परत पाठवते आहे. टाचणीचा गंज कोपऱ्याला लागलाय, काढून टाका. सिव्हिलला जाताना तो केसपेपरसोबत न्या, 'घरात कुणाला?' असं डॉक्टरांनी विचारलं की आधी तोच पुढे करा, मग बोला. आणि आठ दिवसांची घड्याळाची नोंद विसरू नका, उद्या सकाळपासूनच.